एकोणचाळीस नंबरची माकडशिंगी

"या घरात जेवणाचं टेबल आहे असं मी सहा वर्षं लोकांना नुसतं सांगतोय," दिगंबर पुटपुटतो. पुटपुटतो म्हणजे असं, की जिनं ऐकायचं तिच्या कानापासून हातभर अंतरावर. "आता ही वांग्याची भाजी परिशिष्ट दोनवर ठेवू का तीनवर, तेवढं तरी कुणी सांगेल काय?"

हेमलता सांगत नाही. तिनं डोकं टेबलावर टेकलंय, उजवा गाल प्रकरण चारवर. चैत्रातला रविवार, दुपारचे तीन. डोक्यावरचा पंखा दर फेरीला एकदा 'कट्' करतो. दिगंबरचं दहिवडीच्या पेठेत पंखे दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे घरचा पंखा असाच असणार.

"पाचच मिनिटं," ती म्हणते.

"झोप की. निवडुंगं काही पळून जात नाहीत."

"निवडुंग नाही, माकडशिंगी." हे ती झोपेतसुद्धा दुरुस्त करू शकते.

बोटाएवढी जाड, चार कडांची हिरवी कांडी, पान म्हणून नाही, पोटात पाणी साठवून काट्याच्या जाळीखाली लपून बसलेली. माणच्या उघड्या माळावर आणि डोंगरांवर गुराख्यांची पोरं ती मीठ लावून खातात. पण तिचीच एक तांबड्या फुलाची जात आता दोन-तीन डोंगरांवरच उरलीय, आणि शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या हेमलता गलांडेनं वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तिच्यावर पीएच.डी. करायला घेतली. प्रश्न साधा होता. ही रोपं माळावर लावली, तर पाण्याशिवाय उन्हाळा काढतात का? पहिल्या खेपेला साठ लावली, मे संपेपर्यंत साठच्या साठ गेली. दुसऱ्या खेपेला साठ लावली, त्यातली एक्केचाळीस जगली. ते प्रकरण चार.

आणि प्रकरण चारवर भरवसा ठेवून यंदाच्या पावसात वनखातं पाचशे रोपं डोंगरावर लावणार आहे. गेल्या तीन वर्षांत मिळालेलं जवळजवळ सगळं बी त्या रोपांत गेलंय. पाच वाजता कोल्हापूरहून ओतारी सरांचा फोन येईल. सर तिचे मार्गदर्शक. वनखात्याला जायच्या शिफारशीच्या पत्रात एकच ओळ आहे, 'लावणीनंतर पाण्याची गरज नाही', आणि हेमलतानं फक्त 'हो' म्हणायचंय. गेले आठ दिवस तो 'हो' तिच्या घशाशी येऊन परत जातोय.

गालाखाली काहीतरी थंड आहे, टोचतंय. ती ते काढत नाही. पंखा कट् करतो. पुन्हा कट् करतो. मग तो कट्-कट्-कट् असा चालायलाच लागतो, दगडावरून खूर वाजावेत तसा.

सातवी ब च्या वर्गात मेंढ्या बसल्यात. बाकावर दोन-दोन, पुढचे पाय नीट जुळवून. फळ्यावर आजची तारीख आहे, सुविचार नाही. हेमलताच्या खुर्चीत डोंगरावरचा मेंढपाळ धुळातात्या बसलाय, घोंगडी खांद्यावर, मुंडासं जरा तिरकं, आणि हजेरीपुस्तक उलटं धरून वाचतोय.

"तात्या, ते उलटं आहे."

"सुलट धरलं तरी मला वाचाय येतंय व्हय?"

हे बरोबर आहे. ती खुर्चीशेजारी उभी राहते. स्वतःच्याच वर्गात तिला कुठं उभं राहावं ते कळत नाहीये.

"मी घेते हजेरी. किती आहेत?"

"मोजायची न्हायती," तात्या म्हणतो. "मोजली की कमी हुत्यात."

हेही त्यानं पूर्वी सांगितलेलंच. तात्या मेंढ्या मोजत नसे, तोंडावरून ओळखत असे. एखादी कमी असली, तर आकड्यानं नाही, जागा मोकळी दिसून त्याला कळे. हेमलतानं डोंगरावर दोऱ्यांचे चौकोन आखले, शीतपेयाच्या डब्यांचा पत्रा कापून पट्ट्या केल्या, खिळ्यानं ठोकून नंबर पाडले आणि एकेक पट्टी तारेनं एकेका झाडाला अडकवली, तेव्हा तो बराच वेळ बघत राहिला होता. मग म्हणाला होता, "नाव ठेवायचं सोडून नंबर ठेवलास. तुरुंगात घातल्यावानी."

"तात्या," तिला एकदम आठवतं, "तुम्ही गेलात ना?"

"गेलो की. पौषात. छातीत कफ झालता." तो हजेरीपुस्तक मिटतो. "दहाव्याला तू आल्तीस. आमटी खारट झाल्ती, तरी दोनदा घेतलीस."

"लोक बघत होते."

"व्हय, तेबी खरंच." तो तंबाखूची गोळी गालात सरकवतो. "झाडं बघून आलीस?"

हेमलता खडू उचलते. "वेळ नाही मिळाला."

"तीन म्हैनं?"

"परीक्षा होत्या तात्या. पेपर तपासायचे होते."

मागच्या बाकावरची एक मेंढी खोकते.

खडू हातात जड लागतो, कारण तो खिळा आहे. ती पत्र्यावर ठोकतेय, ठक् ठक्, ठिपक्याला ठिपका. दगडाचा चटका मांडीला बसतोय. डोंगर आहे, वैशाख आहे, हेकळीच्या काटेरी जाळीला एक पान उरलेलं नाही. तात्या चार हातांवर बसून मेंढीच्या पायातला काटा काढतोय.

हा दिवस तिला ओळखीचा आहे. पहिल्या खेपेची साठावी माकडशिंगी सुतळीसारखी वाळून हातात आली, तो हा दिवस. त्या दिवशी ती दगडावर बसून रडली होती. शाळेतली बाई, हातात वही, कमरेला पाण्याची बाटली, आणि हुंदके देऊन रडणं. तात्या मेंढीचा पाय धरून बसला होता. नुसता काटा काढत होता, बराच वेळ. त्या मेंढीच्या पायात काटा नव्हता.

"आता मी रडत नाहीये," ती त्याला सांगते.

"दिसतंय की."

"पहिलं झाड तुम्हीच दाखवलंत मला. आठवतं?"

"दावलं आन् मोडून, मीठ लावून हातावर ठिवलं तुझ्या."

"मी केवढी ओरडले! दुर्मीळ आहे म्हणून."

"दुर्मीळ हाय म्हणून तर तुला दिलं. न्हायतर मीच खाल्लं असतं."

दोघं हसतात. तात्या हसला की खालचे दोन आणि वरचे तीन दात दिसतात, एवढेच आहेत. दातांवर तंबाखूचा रंग. हेमलताचं हसू तिथंच थांबतं. तिची नजर खाली जाते, झाडाच्या बुडाशी, जिथं तापलेल्या पांढऱ्या मातीवर रुपयाएवढा तपकिरी डाग आहे. शेजारच्या झाडाशीही आहे. त्याच्या पलीकडच्याशीही.

हे डाग तिच्या वहीत आहेत. 'बुडाशी तपकिरी डाग, कारण अज्ञात' असं तिनं दुसऱ्या खेपेच्या उन्हाळ्यात बारा वेळा लिहिलंय. फोटो सरांना दाखवले होते. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो डोळ्याजवळ नेला, जरा जास्तच वेळ नेला, आणि म्हणाले, "बुरशी असेल. माती तपासून घेऊ कधीतरी." माती कुणी तपासली नाही. सरांनी विचारलं नाही, तिनं आठवण केली नाही.

"तात्या, एक विचारू?"

तात्या लगबगीनं कमरेची प्लास्टिकची बाटली काढतो, तोंडाला लावतो आणि दोन्ही गाल फुगेपर्यंत पाणी भरून घेतो. मग तोंडाकडे बोट दाखवतो. आता बोलता येत नाही, काय करणार!

"गिळा आणि सांगा."

तो मान हलवतो आणि चालायला लागतो. मेंढ्या त्याच्यामागे, हेमलता मेंढ्यांच्या मागे.

"तात्या, थांबा. रागावणार नाहीये मी."

तो थांबत नाही. स्वयंपाकघराचा ओटा लागतो. ओट्यावर गॅस आणि मिक्सर यांच्यामध्ये दोऱ्यांचे चौकोन आखलेले, खडकाच्या भेगांतून माकडशिंग्या वर आलेल्या. ओट्याच्या टोकाला दिगंबर ताट मांडीवर घेऊन बसलाय. "इथं तरी जागा आहे म्हटलं तर इथंही तेच," असं तो भाजीला सांगतो आणि पाय जरा आखडून घेतो, मेंढ्यांना जाता यावं म्हणून.

तात्या पहिल्या झाडापाशी गुडघे टेकतो. वाकतो. ओठ मातीजवळ नेऊन अगदी हळू, धार न लावता, तंबाखूच्या रंगाची एक चूळ सोडतो. उठतो, बाटली तोंडाला लावतो, दुसऱ्या झाडापाशी जातो. पुन्हा एक चूळ.

आईनं जवळ न घेतलेल्या कोकराला तो असंच तोंडातून दूध पाजायचा. हेमलतानं पाहिलंय. कोकराचं तोंड स्वतःच्या ओठांशी धरून, डोळे मिटून. तेव्हा तिला वाटलं होतं, याचा फोटो काढावा. काढला नव्हता.

माळावर त्या वर्षी आठ दिवसांनी टँकर येत होता. आणि तात्याच्या कमरेला एकच बाटली असायची, दिवसभराची.

"गलांडे मॅडम."

ओट्याच्या पलीकडे तीन खुर्च्या आहेत. मधल्या खुर्चीत ओतारी सर, दोन्ही बाजूंना दोन परीक्षक, त्यांना चेहरे आहेत पण ते ती नीट बघत नाही. सरांपुढे चहा आणि प्रबंध.

"मॅडम, एका चुळेत पाणी किती?"

"माणसामाणसावर आहे सर."

"साधारण?"

"पस्तीस मिलिलिटर. तात्यांचे गाल बसलेत, त्यांची थोडी जास्त भरेल. चाळीस धरा."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

हेमलता पदर सारखा करते. माहीत आहे, कारण गेल्या वर्षी वैशाखात एकदा तिनं शाळेतलं मोजपात्र घरी आणलं होतं, न्हाणीघराचं दार लावून घेतलं होतं आणि तीन वेळा चूळ भरून मोजली होती. तिन्हींची सरासरी काढली होती. आकडा कुठंच लिहिला नव्हता. आपण हे कशाला मोजतोय, असं त्या वेळी तिनं स्वतःला विचारलं नव्हतं. दिगंबरनं बाहेरून विचारलं होतं, "दात दुखतोय का?" आणि ती 'हो' म्हणाली होती. तिथं कसा पटकन निघाला होता 'हो'!

"बरं, राहू दे," सर म्हणतात. सर नेहमीच वेळेवर 'राहू दे' म्हणतात. ते पान उलटतात. "साठातली एक्केचाळीस जिवंत, अठरा मेलेली. एकोणसाठ होतात. एकोणचाळीस नंबर कुठं आहे?"

"बेपत्ता, सर. पट्टीसकट."

"पट्टी तर इथं आहे."

पट्टी तिच्या हातात आहे. दहाव्याच्या दिवशी तात्याच्या सुनेनं ती दिली होती. "मामंजींच्या मुंडाशाच्या गाठीत हुती. तुमचं काय असंल तर बघा," म्हणाली होती. तारेला वाळलेल्या सालीचा तुकडा अडकून राहिला होता, काळा कुळकुळीत. पाण्याविना मेलेली माकडशिंगी पांढरी पडते, सुतळी होते. काळी पडते ती कुजून. आणि भर उन्हाळ्यात, त्या खडकावर, कुजायला पाणी कुठून आलं? सून समोर उभी होती, पंगत उठत होती. हेमलतानं पट्टी पर्समध्ये टाकली आणि दुसऱ्यांदा आमटी घेतली. घरी आल्यावर ती पट्टी प्रकरण चारमध्ये खूण म्हणून घातली. प्रकरण चार त्यानंतर पुढं सरकलं नाही.

सर तात्याकडे बघतात. दोन्ही परीक्षक बघतात. मेंढ्या बघतात. तात्याचे गाल फुगलेले.

मग तो पाणी गिळतो. इतक्या वेळात पहिल्यांदाच. घोट खाली जाताना त्याच्या बारीक गळ्यावरून दिसतो.

"ती म्या कुजवली," तात्या म्हणतो.

खुर्च्या नाहीत, सर नाहीत. ओटा तापलेला दगड आहे. दोघं शेजारी बसलीत, मेंढ्या उतारावर विखुरल्यात.

"पयली फुलली ती. भादव्यात. तू टाळ्या वाजवल्यास डोंगरावर, बारक्या पोरीवानी. ध्यानात हाय का?"

"आहे."

"म्हणून तिला दोन-दोन दिल्या. कवा तीन. बाकीच्यांस्नी एकच."

"जास्त पाणी सोसत नाही तात्या तिला."

"मला काय ठावं न्हवतं व्हय? लाड केला." तो मातीत बोट फिरवतो. "खालनं मऊ पडली. वास यायला लागला. मग उपटली आन् पट्टी काढून घेतली."

"सांगितलं का नाहीत मला?"

"एकीचं सांगितलं असतं तर समद्यांचं सांगाय लागलं असतं की."

उतारावर एक मेंढी शिंकते. हेमलता पट्टीची कड अंगठ्यानं घासत राहते.

"मला कळलं होतं," ती म्हणते. "डाग बघितले तेव्हाच."

"ठावं हाय. तू डाग बघितलास आन् वही मिटलीस. मी जाळीआडनं बघत हुतो."

"मग दोघंही गप्प बसलो."

"बसलो की. बरं चाललं हुतं."

ती हसते, मग थांबते. "आता सांगितलं तर लोक म्हणतील, त्या म्हाताऱ्यानं सगळं काम बिघडवलं. आभारात पहिलं नाव तुमचंच आहे."

"बिघडवलंच की. पर म्या काय मारायला गेल्तो व्हय?"

"नाही."

"मग?"

"सहा वर्षं आहेत तात्या. प्रकरण चार गेलं की उरतं काय? परत लावा, परत थांबा. मी पन्नाशीला आले."

"मी पंच्याहत्तरीला म्येलो. तरी बाटली वाहतच हुतो." तो बाटली हलवून बघतो, तळाशी थोडं आहे. "पाचशे लावणार म्हणत्यात न्हवं?"

"हो."

"त्यास्नी कोण पाजणार?"

ती पट्टी मुठीत दाबते.

"बघायला गेली न्हाईस तू. माझी एक्केचाळीस बी आता कशी असतील कुणास ठावं." मोजायची नाहीत म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडात आकडा ऐकून हेमलता वर बघते. तो दुसरीकडे बघतो. "सांगून टाक, मास्तरीणबाय."

"तुम्हीच सांगा की. तुम्ही केलंत."

"मी कसा सांगू? मी म्येलो न्हवं."

 तो उठतो, गुडघ्यावर हात टेकून, 'आगं आई' करत. बाटलीतलं उरलेलं तोंडात घेतो, गाल फुगतात. आता तो खरोखरच बोलू शकत नाही. जाता जाता तो तिच्या उजव्या गालावर हात ठेवतो. हात थंड आहे, खरखरीत, आणि दाबून ठेवलेला. मेंढ्या उठतात. दगडावर खूर वाजतात, कट्, कट्,

कट्.

"अगं ऊठ. पाच वाजायला आले. तोंड तर बघ, लाळ गळून सगळं—" दिगंबर बोलता बोलता थांबतो. खाली वाकून तिच्या गालाकडे बघतो. "हे काय गोंदवून घेतलंस?"

"काय?"

"एकोणचाळीस."

हेमलता गालावर हात नेते. बारीक बारीक खळगे लागतात, ठिपक्याला ठिपका. प्रकरण चारवर पट्टी पडलीय, ठोकलेले उंचवटे वर करून. ती उठून बेसिनच्या आरशात बघते. आरशात आकडे उलटे दिसतात, पण आहेत. तीन आहे, नऊ आहे. तांबडे, चांगले खोल.

"जाईल पाच मिनिटांत," दिगंबर मागून म्हणतो. "पाणी लाव जरा."

"नको."

ती टेबलाशी परत येते. ती झोपेत असताना दिगंबरनं एक कोपरा मोकळा केलाय, कागद न हलवता, नुसते एकमेकांवर सरकवून, आणि तिथं तिचं ताट झाकून ठेवलंय. परिशिष्ट तीनवर भाजीचा एक डाग पडलाय. तो तिनं बघू नये म्हणून त्यावर वाटी ठेवलीय.

फोन वाजतो.

"हां, मॅडम," ओतारी सर म्हणतात. त्यांच्याकडे मागं कुकर वाजतोय. "ते संदर्भसूचीत दोन वर्षं उलटसुलट झालीत तेवढी बघा. आणि पत्र मी तयार ठेवलंय. पाठवू ना? तुम्ही नुसतं हो म्हणा."

"सर, प्रकरण चारमधले ते तपकिरी डाग."

"अहो, ते राहू दे आता. त्याला कोण विचारतंय?"

"मी उद्या सकाळी डोंगरावर जाणार आहे सर. बहुतेक बरीच गेलेली असतील."

"का?" सर म्हणतात, आणि मग एकदम काहीच म्हणत नाहीत. कुकरची शिट्टी होऊन जाते.

दिगंबर हातातला पेला तसाच धरून तिच्याकडे बघतोय. हेमलता गालावरचे ठिपके बोटानं चाचपते. अजून आहेत.

"तात्या पाणी घालत होते सर. दर आठवड्याला, स्वतःच्या पिण्यातलं, प्रत्येक झाडाला एक चूळ. मला माहीत होतं. तुम्हालाही होतं."